विषय: लोरेटो ॲबी – मुलीच्या नववीबद्दल

नमस्कार मंडळी,

मुलगी येत्या सप्टेंबरात नववीत जाईल. टोरांटोतल्या मेसन बुलेव्हार्डवरच्या लोरेटो ॲबी शाळेचं तिने मनात घेतलंय. कॅथलिक शाळा, फक्त मुलींची. आम्हाला प्रवेश देतील का? फी किती? सासूबाई विचारतात, कॉन्व्हेंट म्हणजे मुलींना वळण लावायची जागाच ना? कुणाची मुलगी तिथे होती का?

— नॉर्थ यॉर्कहून

---

ताई,

माझी होती. आधी कामाचं सांगते. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात कॅथलिक माध्यमिक शाळा सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे शिकवण्याची फी नाही. बाप्तिस्मा झालेला नसला तरी नववीला घेतात, जागा मात्र हवी. धर्माच्या तासातून सूट मागण्याचा हक्क कायद्याने पालकांना आहे. आम्ही ती मागितली नाही.

वळणाबद्दल माझाही सासूबाईंसारखाच समज होता. मुलीने शाळेचा इतिहास घरी आणला आणि तो पार बदलला.

सप्टेंबर 1847. आयर्लंडमधल्या रॅथफार्नहॅमहून लोरेटो संघाच्या पाच तरुण जोगिणी (नन) टोरांटोत उतरल्या. बिशप मायकेल पॉवर यांनी त्यांना बोलावलं होतं. त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली 38,000 हून जास्त माणसं या वीसेक हजार वस्तीच्या गावात आली होती आणि टायफस हा साथीचा ताप पसरला होता. आजाऱ्यांची सेवा करता करता बिशपच तापाने पडले आणि 1 ऑक्टोबरला गेले. बोलावणारा माणूस गेला, हातात पैसा नाही, पुढे कॅनडाचा हिवाळा. तरी त्यांनी ड्यूक स्ट्रीटवर शाळा उघडली. 1851पर्यंत पाचांतल्या तिघी मरण पावल्या. मग तिशीतल्या टेरेसा डीझ यांनी सगळं अंगावर घेतलं आणि 1889 साली मृत्यू येईपर्यंत सोडलं नाही. ग्वेल्फ, नायगारा, स्ट्रॅटफर्ड, सगळीकडे शाळा काढल्या. मला आजही ते वाचून गलबलतं.

आणि मूळ त्याहून जुनं. मेरी वॉर्ड या इंग्लिश बाईने 1609 साली हा संघ सुरू केला. जोगिणींनी मठाच्या भिंतीआड राहायचं नाही, कुठल्या पुरुषाच्या संघाच्या हाताखाली नाही, बाहेर पडून मुलींना शिकवायचं. चर्चला ते सोसलं नाही. 1631मध्ये पोपने संघ मोडला आणि तिला म्युनिकच्या मठात कोंडलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. संस्थापक म्हणून चर्चने तिचं नाव मान्य केलं ते 1909 साली! अशा बाईच्या वारशातली शाळा मुलींना मान खाली घालायला कशी शिकवेल?

(याच लोरेटोच्या जोगिणी 1841 अखेर कोलकात्यालाही पोचल्या होत्या. मदर तेरेसा आधी त्यांच्यातल्याच.)

— मिसिसॉगाहून

---

वहिनींनी फीचं एका ओळीत संपवलं, पण ती ओळ फार महागात पडलेली आहे. मी 1979 साली इथे आलो. तेव्हा कॅथलिक शाळांना सरकारी अनुदान दहावीपर्यंतच असे, अकरावीपासून आईबापांनी पैसे भरायचे. आमच्या शेजारच्या इटालियन घरात दोन मुली होत्या, बाप विटा रचायचा. धाकटीचं काय करायचं यावर त्या घरात रात्र रात्र बोलणं चाले. जोगिणी जवळपास बिनपगारी शिकवत, म्हणून ती फी तरी आवाक्यात राहायची. 1984 साली ऑन्टारिओचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) बिल डेव्हिस यांनी पूर्ण अनुदान जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून ते लागू झालं आणि 1987 साली सुप्रीम कोर्टानेही ते योग्य ठरवलं.

— स्कारबरोहून

---

ताई, काका, मनापासून आभार. काल रात्री दोन्ही मेल सासूबाईंना वाचून दाखवल्या. लिंबाच्या पत्रांपाशी त्यांनी मला थांबवलं. मुलीने लगेच कागदावर रसाने नाव लिहिलं आणि गॅसवर लांबूनच शेकलं. तपकिरी अक्षरं उमटली तशी आजी चष्मा आणायला उठल्या. शाळा बघायला त्याही येणार आहेत.

— नॉर्थ यॉर्कहून