फोटोग्रामेट्रीला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ: चाळीसगावकडच्या एका गावात देवळामागे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) उघड्यावर झिजत चाललेत, आम्ही चौघं त्यांची फोटोग्रामेट्री करतोय, म्हणजे सगळ्या बाजूंनी खूप फोटो काढून त्यांवरून संगणकात दगडाचं थ्री-डी मॉडेल. ग्रामपंचायतीच्या अर्जात 'छायाचित्रमिती' लिहिलं तर एक जुने सदस्य म्हणाले, मिती म्हणजे तारीख ना? नुसतं 'फोटो काढणे' लिहिलं तर लोकांना वाटतं दोन फोटोंत उरकेल, इथं एकेका दगडाचे शंभर-दीडशे होतात. काल एक बाबा विचारत होते, "भाऊ, इतला फोटू कसाले?" काय लिहू?

मोडीवाचक: सदस्यांचं बरोबर आहे. जुन्या पत्रांत, हुंड्यांत मिती म्हणजे तिथीच.

तापीपूर्णा: भूमिती, त्रिकोणमिती शाळेत शिकलोच की. मला 'छाया' खटकते. तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेवच्या देवळाचं मॉडेल करताना कडक उन्हात गेलो, तासाभरात सावल्या सरकल्या आणि सॉफ्टवेअरला एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात सापडेना, शेवटी ढगाळ दिवस बघून परत गेलो. जे टाळायचं तेच नावात कशाला? प्रकाशचित्रमिती म्हणा, 'फोटो'चा मूळ ग्रीक अर्थही प्रकाशच आहे.

पाटणादेवी: छाया घालवू नका हो! आमच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढल्याचं कोरलंय, आणि त्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात 'छायाव्यवहार' हे प्रकरणच आहे, सावलीवरून दिव्याची उंची काढायची. हात न लावता माप, तुम्हीही तेच करताय. छायामिती!

मोडीवाचक: सुंदर शब्द आहे, पण अर्ज वाचणाऱ्याला कळणार नाही. मूळ कल्पना मापाचीच आहे. 1858 मध्ये मायडेनबाउर नावाचा जर्मन वेत्स्लारच्या चर्चची मापं घेताना वरून पडता पडता वाचला, तेव्हा त्याला फोटोवरून मापं काढायचं सुचलं. सरळ 'फोटोमोजणी' लिहा.

बांधावरून: मोजणी अजिबात नको!! गावात मोजणी म्हटलं की शेजारी सातबारा घेऊन हजर. आमच्याकडे नुसती टेप धरली म्हणून भांडण झालं होतं. फोटोग्रामेट्रीच ठेवा, ट्रॅक्टरला कुणी मराठी शब्द शोधला का?

मोडीवाचक: ट्रॅक्टर डोळ्यांना दिसतो, हे काम दिसत नाही. म्हणून तर शब्द लागतो.

तापीपूर्णा: @पाटणादेवी, हे नातू चांगदेव म्हणजे आमच्या संगमावरचेच का?

पाटणादेवी: नाही नाही, ते मुक्ताईंचे शिष्य, योगी. हे ज्योतिषी, यादवांच्या दरबारातले. सगळे इथंच घोटाळा करतात, सविस्तर लिहितो थांबा.

गिरणाकाठ: लिहा नक्की, पण अर्ज सोमवारी द्यायचाय. सध्या 'फोटोंवरून दगडाचं माप व आकार नोंदवणे' एवढं लिहिलंय. 'नोंदवणे' की 'उतरवणे'?