प्रतिसाद: धणे उगवायला वेळ का लागतो

धणे पेरून आठवडा झाला तरी कोंब दिसत नाहीत, तेव्हा माती उकरून पाहावी का, असे वर विचारले आहे. कृपया उकरू नये, कारण उगवणीला ७ ते १५ दिवस आणि थंडीत त्याहूनही अधिक काळ लागतो. अख्खा धणा हे दोन बिया असलेले फळ असल्यामुळे तो पेरण्यापूर्वी लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी कराव्यात (भरडा नव्हे!), रात्रभर भिजवाव्यात आणि साधारण १ सेंटीमीटर खोल पेराव्यात. कोथिंबिरीला सोटमूळ असते, म्हणून रोपे उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये. कडक उन्हात ती लवकर फुलोऱ्यावर येते. तेव्हा कुंडीला दुपारची सावली मिळालेली बरी.