अनुभव धागा: उन्हाळ्यात तरुण संघ वस्तीत जातो तेव्हा (इंदूर)

लहानपणी आमच्या चर्चच्या तरुण संघाचं उन्हाळ्याचं काम म्हणजे फक्त व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली मुलांची बायबल शाळा: गाणी, कागदकाम, शेवटच्या दिवशी समोसा. आता संघ फाटकाबाहेर पडायला लागलेत. सुरुवात माझ्या फजितीपासून करते. आम्ही वीस जण झाडू घेऊन सकाळी सहाला निघालो. कुठे, तर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदुरात! रस्ता रात्रीच झाडून झालेला. कचरागाडीवरच्या ताई म्हणाल्या, "झाडायचं आमच्यावर सोडा. लोक डायपर सुक्या कचऱ्यात टाकतात, ते आम्ही हातानं वेचतो. तेवढं घरोघरी सांगा." पुढचे आठ दिवस तेच केलं. तुमचंही लिहा, फसलेलं आधी. फोटो नकोत.

*

मी नर्सिंगला आहे. आमच्या संघानं प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावला होता. एका दादांच्या डोक्यात आलं, साधं पाणी कशाला, ओआरएस देऊ. म्हणून माठात मुठीनं मीठ! मी म्हटलं, घरी करायचं तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, अंदाजपंचे नाही. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय येणाऱ्या रिक्षावाल्यांत कुणाला साखर, कुणाला बीपी, आपल्याला काय माहीत? दादा रुसले. पाळकसाहेबांपर्यंत गेलं, 'आजकालच्या मुली' वगैरेही ऐकून झालं. शेवटी माठात साधं पाणी आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचे हात आत बुडायला नकोत. तयार पाकिटं फक्त जुलाब लागलेल्यांसाठी बाजूला. दुपारी दोन ते चार सर्वात गर्दी, आणि नेमके तेव्हाच आमचे स्वयंसेवक जेवायला घरी. ते काही आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही.

*

मी वस्तीत गणिताचा वर्ग घ्यायचो. तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील दारात. "भिया, पढ़ाई ही है न, या कुछ और?" राग आला, पण विचारणं चूक नव्हतं. कॅनडाच्या मिशननं इंदुरात १८७७ मध्ये काम सुरू केलं, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. 'मिशनवाले' ही ओळख आपल्या आधी गल्लीत पोचलेली असते, बरी आणि वाईट दोन्ही. त्यात मध्य प्रदेशचा धर्मांतरावर बंधनं घालणारा २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा, त्यामुळे दोन्हीकडचे लोक धास्तावलेले. रात्री संघात दोन तास वाद झाला. काहींना निदान सुरुवातीची प्रार्थना हवी होती. मला वाटतं, बेरीज शिकवायला बोलावलंय तर बेरीजच शिकवावी, प्रार्थना आपल्या आवारात करावी. तसंच ठरलं. दोघं मात्र त्यानंतर आलेच नाहीत. ते वडील आठवडाभर मागच्या सतरंजीवर बसून होते. मुलगा शेवटपर्यंत आला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

*

आमचे निम्मे पैसे टी-शर्टात गेले. एवढंच सांगायचंय.

*

मी ख्रिस्ती नाही. रामबागेतली आजी आहे, नातवाकडून लिहवून घेतेय. मागच्या मेमध्ये ही पोरं एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करत आली. छान बोलली, गाणी म्हणू का विचारलं. म्हटलं, गाणी नंतर, आधी खालून बादल्या आणा. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून घाट चढून इंदुरात येतं, पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. त्यातून नळ दिवसाआड. पोरांची तोंडं जरा उतरली, पण आणल्या बादल्या. एक उंच मुलगा जिन्यात निम्मं सांडायचा, खालच्या वहिनी ओरडायच्या. मग माझ्याकडे पोहे खाऊन एकेक गाणंही झालं. मराठी होतं, चाल आमच्या अभंगासारखीच.

जूनमध्ये पाऊस आला, कॉलेजं उघडली, सगळी पांगली. तो उंच तेवढा अजून येतो, नळाच्या दिवशी. अजून सांडतोच.