पंख्याचं बटण वेगळं, दिव्याचं वेगळं: तुमच्या घरचे अनुभव लिहा

चाफेकळी

घराचं रिपेअरिंग चालू आहे. काल वायरमनने सहज विचारलं, "ताई, या छोट्या खोलीत पंखा आणि लाईट एकाच बटणावर घेऊ का? वायर वाचेल." मी इतक्या जोरात नको म्हणाले की शिडी धरलेला त्याचा पोरगा दचकला. रात्रभर लालबागची खोली डोळ्यांसमोर होती, म्हणून हा धागा.

दहा बाय बाराची खोली, चाळीचा मधला मजला, दिवसासुद्धा अंधार. बाबा गिरणीत. तिसरी पाळी असली की सकाळी घरी यायचे, चहा-भाकरी खाऊन आडवे व्हायचे. आमच्याकडे पंखा आणि बल्ब एकाच काळ्या गोल बटणावर. आधीच्या भाडेकरूंनी पंख्याच्या सिलिंग रोजमधूनच बल्बला जोड दिलेला. पंखा हवा तर बल्ब डोळ्यावर, बल्ब नको तर घामाने अंग चिकचिक. मग आई रोज सकाळी बटण बंद करून स्टुलावर चढायची, फडक्याची दुहेरी घडी हातात धरून साठचा बल्ब दाबून फिरवून काढायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची, फुटू नये म्हणून. संध्याकाळी परत लावायची. स्टूल मात्र लगेच बाहेर गॅलरीत खिळ्याला टांगायची. आम्ही मागितलं तरी द्यायची नाही.

१९८१ मध्ये शेजारच्या काकांनी, ते गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते, एका रविवारी लाकडी पट्टीवरून एक जास्तीची तार नेली आणि दुसरं बटण बसवलं. दुपारभराचं काम. आई कितीतरी वेळ नुसती दोन बटणं आळीपाळीने दाबून बघत होती. दुसऱ्या दिवशी बाबा पंख्याखाली अंधारात पाच तास सलग झोपले.

जानेवारी १९८२ ला संप झाला. त्यानंतर बाबांना दिवसा झोपायची वेळच आली नाही.

तुमच्या घरी कसं होतं? लिहा ना.

मोरपीस

शेवटच्या ओळीला थांबले गं. माझे मामा पण गिरणीत होते. नंतर लिहिते, कुकर झालाय.

तारवाला_कोल्हापूर

ताई, वाचून अंगावर काटा आला. बल्ब काढला आणि पंखा चालू केला म्हणजे त्या मोकळ्या होल्डरात दिवसभर करंट होता. आतल्या दोन पिनांना बोट लागलं असतं तर? देवाची कृपा म्हणायची.

मी आयटीआय करून पंचवीस वर्सं ह्याच लायनीत आहे. काम म्हणाल तर अवघड काय न्हाई. बोर्डात फेज येतो, दोन्ही बटनांना लूप करायचा. प्रत्येक बटनातून एक हाफ, म्हणजे बटनातनं पुढं जाणारी तार, वर जातो, एक पंख्याला, एक लाईटला. न्यूट्रल दोघांना एकच चालतो. म्हणजे जुन्या फिटिंगला एकच तार वाढवायची असती. पंख्याच्या हाफमध्येच रेग्युलेटर येतो. हल्ली कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतनं असलं की पाईपातनं स्प्रिंग सोडून तार ओढायची, दीड स्क्वेअर एमएमची वायर बास झाली. पाईप चोंदला असंल तर मात्र घाम निघतो.

आणि हात जोडून सांगतो, काम करताना नुसतं बटन बंद करून हात घालू नका. मेन काढा, मग टेस्टर लावून बघा, मगच हात. काही ठिकाणी कुणीतरी न्यूट्रलवर बटन टाकलेलं असतं. बटन बंद, दिवा बंद, आणि होल्डरात करंट तसाच. माझा एक जोडीदार असाच गेला. त्याचं नाव घेत न्हाई.

शेवंता

दादा 🙏

आंबोळी

बाप रे. आमच्याकडे एलईडी दिवा बंद केला तरी रात्री मंद मंद उजळतो. मुलगी घाबरते, त्या खोलीत झोपत नाही. हेच असेल का?

तारवाला_कोल्हापूर

असू शकतं. बटनात बारका लाल इंडिकेटर आहे का बघा, त्यातनं पण थोडा करंट जातो आणि एलईडीला तेवढा पुरतो. दोन तारा लांबवर शेजारनं गेल्या असल्या तरी होतं. पण आधी टेस्टर लावून न्यूट्रलचंच बघून घ्या. लेकीला सांगा भ्यायचं काय न्हाई, पण त्या दिव्याला हात लावू देऊ नका.

आंबोळी

इंडिकेटर आहे! बरं वाटलं. तरी वायरमनला बोलावतेच.

एडिसनचा_काका (न्यू जर्सी)

इथली गोष्ट. नवीन घरात बेडरूमच्या छताला फक्त दिवा होता, तिथे दिव्यासकट पंखा लावायचा होता. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे काळी म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी! १२० व्होल्ट असले तरी जीव जायला पुरेसे आहेत. बॉक्स उघडून बघितला, नशिबाने आधीच्या मालकाने तीन तारांची केबल टाकून ठेवलेली: काळी, लाल, पांढरी आणि उघडी तांब्याची अर्थिंगची. मग पंख्याची काळी काळीला, पंख्यातून दिव्याची निळी येते ती लालला, आणि भिंतीत एकाऐवजी दोन बटणं. ती लाल तार नसती तर अख्खी भिंत फोडावी लागली असती किंवा रिमोटवर भागवावं लागलं असतं.

बॉक्ससुद्धा पंख्यासाठीचा वेगळा लागतो, दिव्याचा साधा बॉक्स फिरणारं वजन पेलत नाही. जोडणी शेवटी लायसन्सवाल्याकडूनच करून घेतली. आई भारतातून आली तेव्हा तीन दिवस बटणं उलटी दाबत होती, इथे वर केलं की चालू.

मोरपीस

आले परत. आमच्या सासूबाईंचं ऐका. लेकाने हौसेने बीएलडीसी पंखा आणला, पस्तीस वॅटचा, जुना पंच्याहत्तरचा होता. वीज वाचते हे खरं. पण त्याला रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागला, आणि वेग फक्त रिमोटवर. रिमोट कधी उशीखाली, कधी फ्रीजवर. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने रात्री तीनला थंडी वाजली तर चाचपडत रिमोट शोधायचा का? भिंतीवरचं गोल फिरवायचं रेग्युलेटर त्यांच्या हाताला ठाऊक होतं. शेवटी त्यांच्या खोलीत जुना पंखा परत लावला. मला तेच बरोबर वाटतं, म्हाताऱ्या माणसांच्या हाताची सवय मोडू नये.

शेवंता

+१. आमच्या घरी रिमोट सुतळीने पलंगाला बांधलाय.

देवगडकर

आमच्या माजघरात वर तुळईला हूक, पंखा जेमतेम डोक्याच्या वर. भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर घेतला तेव्हा वेगळ्या बटणांची किंमत कळली. एक पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर घ्यायचा होता, पण सगळ्या घरात तारा अशा एकमेकींत गुंतलेल्या की काका दोन दिवस माळ्यावर होते. पंखा इन्व्हर्टरवर आणि दिवा मेनवर, पण न्यूट्रल दोघांचा एक, असं झालेलं. काकांनी ते सोडवून इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा नेला.

गणपतीत लाईट गेली, आरती चालू होती, आणि पहिल्यांदा मखरावरचा दिवा गेला नाही. आजी आरतीमध्येच रडायला लागली.

यंदा हापूसचं काय विचारू नका, मोहोर दोनदा आला आणि दोनदा गळला.

आंबोळी

अरेरे देवगडकर. आमच्याकडे केसर पण उशिरा. पेटी ठेवाल का एक?

देवगडकर

निरोप धाडतो.

वाटसरू

मी दुसऱ्या टोकाचं लिहितो. वडिलांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. पलंग भिंतीला, बटणं दाराशी. रात्री पाणी हवं असलं तरी दिवा लावायला आईला उठवायचे, आणि तिला उठवायला लागू नये म्हणून तसेच पडून राहायचे. हे आम्हाला कळायला तीन महिने लागले, याचं अजून वाईट वाटतं. मग पलंगाशी डाव्या हाताला बोर्ड घेतला. दिव्याला जिन्यासारखं टू-वे, दाराशीही आणि उशाशीही. पंख्याचं बटण आणि रेग्युलेटर फक्त उशाशी. पहिल्या रात्री मी बाहेर अंथरुणावर जागा होतो. दिवा लागला, ग्लासचा आवाज आला, दिवा गेला. कुणालाही हाक मारली नाही त्यांनी.

मोरपीस

वाटसरू, तुम्ही केलंत ते फार मोठं आहे. तीन महिन्यांचं मनाला लावून घेऊ नका.

तारवाला_कोल्हापूर

आता मी पण आजारी माणसाच्या घरी गेलो की आधी पलंग कुठं ते इचारतो.

चाफेकळी

सगळ्यांचं वाचतेय. तारवाला दादा, तुमचं होल्डरचं वाचून आत्ता आईला फोन केला. म्हटलं, तू स्टूल गॅलरीत का टांगायचीस? म्हणाली, "काकांनी आधीच सांगितलं होतं, मोकळ्या होल्डरात वीज असते. तुम्ही तीन पोरं, कुणाचं ऐकणारी? घाबरवलं असतं तर मुद्दाम चढला असता. स्टूलच नको म्हटलं."

चाळीस वर्षं मला वाटायचं, ते माझ्या उड्या मारण्यामुळे होतं.

वायरमन आलाय. त्याला हे सांगते आणि शिडी धरते.