स्लीव्ह ऑपरेशननंतर घरी आणल्यावर: खाणं, औषधं, आणि कशाला घाबरायचं?

वारणाकाठ
सासूबाई, वय ५४, वजन ११२ किलो, उंची ५ फूट २ इंच. येत्या सोमवारी पुण्यात दुर्बिणीतून स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, ठरली आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारी गोळी. तिसऱ्या दिवशी सोडतील, मग गाडीने सांगली. फाइलमध्ये आहाराचा तक्ता आहे, पण 'दिवस १ ते १४ पातळ' यापलीकडे त्यात काही नाही. पातळ म्हणजे काय आणि किती? गोळ्यांचं काय करायचं? कशाला घाबरायचं? 'सगळं नॉर्मल असतं, काळजी करू नका' एवढं सोडून काहीही सांगा.

ताकपीठ
आहाराचं मी सांगते, गोळ्यांचं डॉक्टर मंडळी सांगतील.

पहिले १४ दिवस अन्नाचा विचार मागे ठेवा, पाण्याचा हिशेब पुढे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, तीही पहिल्या आठवड्यात आतून सुजलेली. पेला तोंडाला लावून पाणी प्यायलं की छातीत दुखतं, उलटी येते, मग माणूस पाणीच टाळतो. डिस्चार्जनंतर पुन्हा दवाखाना गाठावा लागतो तो बहुतेकदा याच कोरडेपणामुळे.

कफ सिरपसोबत येतं ते माप घ्या. ३० मिली, दर १५ मिनिटांनी, तेही दोन-तीन घोटांत. तासाला १२० झाले, जागेपणीच्या १४ तासांत १६८० मिली. पहिल्या दोन-तीन दिवसांत एवढं होत नाही, लिटरभर गेलं तरी चालेल. पण पाचव्या दिवसापासून दीड लिटरच्या खाली येऊ देऊ नका. दूध, ताक, सूप सगळं या हिशेबात धरायचं. भिंतीवर कागद लावून प्रत्येक मापाला रेघ मारा. 'प्यायले की मघाशी' या उत्तरावर विसंबू नका. लघवी फिकट आणि दिवसातून चार-पाचदा व्हायला हवी.

पहिले दोन दिवस आरपार दिसणारं पातळ: साधं पाणी, कोकमाचं बिनसाखरेचं पाणी, गाळलेलं भाज्यांचं सूप. तिसऱ्या दिवसापासून गाळलेलं ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं मुगाचं कढण, व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची पावडर). साखर, गूळ, सोडा, उसाचा रस, पाकीटबंद सरबत यातलं काही नको.

आता प्रथिनं. रोज ६० ते ८० ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतो. इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे वरणाचं पाणी. डाळ खाली बसते, वरच्या पिवळ्या पाण्यात हळद-मिठाशिवाय फारसं काही नसतं. ३० ग्रॅम मूगडाळ पूर्ण घोटून, गाळून दिली तर ६-७ ग्रॅम मिळतात. २०० मिली दुधात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर घातली तर सुमारे ११. उरलेलं व्हे आयसोलेटमधून, म्हणजे व्हेच्या जास्त शुद्ध पावडरीतून. एका स्कूपमध्ये साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणून अर्धा स्कूप १५० मिली पाण्यात, दिवसातून चारदा. आयसोलेटच घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नावापुरती असते. साध्या कॉन्सन्ट्रेटने अनेकांचं पोट फुगतं. मधुमेह आहे म्हणून आधीचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचा) रिपोर्ट बघून प्रमाण डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

नाचणीचं सत्त्व लोक हौसेने देतात. चवीला चांगलं, जातंही सहज, पण प्रथिनाच्या नावाने त्यावर पोट भरू नका.

रातपाळी
सर्जिकल वॉर्डमधली नोंद.

पहिले दोन-तीन दिवस दोन्ही खांदे दुखतात. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली अडकतो, त्याची ही कळ. चालल्याने कमी होते, शेक दिला तरी चालतो. टाक्यांमध्ये एकच भोक बाकीच्यांपेक्षा जास्त दुखतं, ज्यातून जठराचा तुकडा बाहेर काढलेला असतो ते. त्यावर उशी दाबून खोकायला सांगा.

चालणं पहिल्या संध्याकाळपासून. घरी आल्यावर दर दोन तासांनी ५-१० मिनिटं घरातल्या घरात. श्वास ओढून चेंडू उचलायचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर जागेपणी तासाला दहा वेळा; तो कपाटात गेला की फुफ्फुसाच्या तळाशी कफ बसतो आणि ताप येतो. कळशी, सिलिंडर, नातवंड, ५ किलोवरचं काही सहा आठवडे उचलायचं नाही. घोरण्यासाठी सीपॅप मशीन असेल तर ते रोज रात्री लावायचं, वजन उतरलं म्हणून स्वतःहून बंद नाही.

पुणे-सांगली प्रवासात दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालवा, पायात दाबाचे मोजे. रक्ताची गाठ न होण्याचं, पोटाच्या कातडीखाली टोचायचं इंजेक्शन घरीही चालू ठेवायला सांगितलं असेल तर किती दिवस, कोण देणार आणि सुया कुठे टाकायच्या हे वॉर्डमधून निघण्याआधी विचारा. घरी पोचल्यावर रात्री आठला हे प्रश्न सुचतात.

आता घाबरायचं कशाला. जठर कापून जिथे पिना मारून बंद केलेलं असतं, त्या स्टेपलच्या ओळीतून गळती. बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांत, पण स्लीव्हमध्ये काही आठवड्यांनीही होते. स्थूल माणसाचं पोट हाताला मऊच लागतं, त्यामुळे पोट दाबून काही कळत नाही. आधी बोलते ती नाडी. रोज सकाळ-संध्याकाळ स्वस्थ बसवून नाडी मोजा. १०० च्या वर टिकून राहिली तर सर्जनच्या टीमला फोन. १२० च्या वर गेली तर वाट न बघता निघायचं, ताप नसला तरी. याशिवाय १०१ च्या वर ताप, थंडी वाजून येणं, पाचव्या-सहाव्या दिवशी नव्याने सुरू झालेलं डाव्या खांद्याचं दुखणं, धाप, एका पोटरीला सूज, काळी शी, आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही न टिकणं. यातलं काहीही 'सकाळी बघू' म्हणण्यासारखं नाही.

कडूकिराईत
औषधांचं.

ग्लिमेपिराइड ही इथली धोक्याची गोळी. खाणं जवळजवळ थांबलेलं, आणि ही गोळी इन्सुलिन बाहेर काढत राहते. बहुतेक सर्जन ऑपरेशनच्या दिवसापासूनच ती बंद करतात; डिस्चार्ज कार्डवर तसं लिहिलेलं नसेल तर विचारल्याशिवाय जुन्या सवयीने देऊ नका. मेटफॉर्मिन सहसा चालू राहतं, पण सावकाश विरघळणारी मोठी गोळी असेल तर साधी किंवा पातळ मागा. ती मोठी गोळी चुरून देणं चूक, त्यातलं सगळं औषध एकदम सुटतं. पहिले दोन आठवडे शुगर दिवसातून दोनदा तरी तपासा. ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज थोड्या पाण्यात, घोट घोट, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी.

दुसरी गोळी लघवी वाढवणारी. पाणी जेमतेम लिटरभर जातंय आणि औषध ते बाहेर काढतंय, असं झालं की उठल्यावर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. ती बंद करायची की कमी, हे डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. घरी बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजा.

दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल किंवा लिहून दिलेलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. मेडिकलवाला गुडघेदुखीला सवयीने तेच देतो, म्हणून गोळीच्या पट्टीमागचं नाव वाचा. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन, त्यात लहान केलेलं जठर थेट आतड्याला जोडतात) तर ही बंदी कायमची, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि मिश्रीही त्यातच आली. वयस्क बायका मिश्रीला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून वेगळं विचारावं लागतं.

आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोलसारखी गोळी साधारण तीन महिने. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते, तेव्हा शेवटचं खाणं झोपण्याच्या तीन तास आधी.

आणि एक गोष्ट सांगलीतल्या डॉक्टरांसाठी कागदावर लिहून ठेवा: उलट्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त चालल्या आणि सलाइन लावायची वेळ आली तर ग्लुकोजच्या आधी थायामिन, म्हणजे बी-१, शिरेतून. त्याची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूवर परिणाम होतो: दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळणं. नाकातून नळी घालायची असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नको, हेही त्याच कागदावर.

बेलाचंपान
शी होत नाही ही मोठी तक्रार असते. रात्री दोन चमचे इसबगोल कोमट पाण्यातून द्या, घरगुती आणि निर्धोक.

ताकपीठ
@बेलाचंपान, एरवी हरकत नाही, पण पहिले सहा आठवडे इसबगोल नको. ते फुगायला पेलाभर पाणी लागतं आणि तेवढं एका वेळी जात नाही. अरुंद नळीत लगदा होऊन अडकतं. लॅक्ट्युलोजचं सिरप १५ मिली रात्री, डॉक्टरांना विचारून. एरवीही खाणंच नाही म्हटल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा होणं अपेक्षितच आहे.

वारणाकाठ
खूप उपयोगी. कागद करायला घेतला. आणखी तीन प्रश्न. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे काय? त्यांचा गुरुवार असतो, साबुदाणा चालेल का? आणि चहाशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही.

ताकपीठ
तिसरा-चौथा आठवडा मिक्सरमधून काढलेलं: घोटलेलं वरण, घरचा चक्का (१०० ग्रॅममध्ये ९-१० ग्रॅम प्रथिनं), पनीर दुधात वाटून, अंड्याचा मऊ बलक-पांढरा एकत्र फेटून. एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, पुरे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ: पनीर भुर्जी, वाफवलेला मासा, मूगडाळीचं पातळ धिरडं, उकडलेलं अंडं. आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर धान्य.

जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. चहाच्या चमच्याने, एक घास २०-२५ वेळा चावून, जेवण २० ते ३० मिनिटांत. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते: उचकी, शिंक, नाकातून पाणी किंवा छातीच्या मधोमध दाब. तिथे चमचा खाली. 'एवढाच घास राहिलाय' म्हणून संपवला की तोच अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. अशा वेळी वरून पाणी पाजू नका, उभं राहून चालवा, सुटतं.

पोळीचं उत्तर अनेकांना पटत नाही: मऊ, गरम, तूप लावलेली घडीची पोळी सगळ्यात त्रासदायक. ती लाळेबरोबर पुन्हा कणीक होते. आठव्या आठवड्यानंतर कडक फुलका किंवा भाजून कुरकुरीत केलेली भाकरी आधी, पोळी नंतर, भात त्याच्याही नंतर.

साबुदाणा नकोच. नुसता स्टार्च, प्रथिन जवळजवळ शून्य, चिकटून गोळा होतो. गुरुवार मोडायचा नसेल तर दूध, चक्का, पनीर, राजगिऱ्याची दुधातली पातळ लापशी. निर्जळी उपवास निदान पहिलं वर्ष नाही. ज्या देवासाठी आहे तो समजून घेईल, मूत्रपिंड घेणार नाही.

चहा पहिला महिना टाळलेला बरा. नंतर बिनसाखरेचा अर्धा कप, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

मोदक, श्रीखंड, जिलबी: बायपासवाल्यांना त्रास जास्त, पण स्लीव्हमध्येही गोड पटकन आतड्यात उतरतं. अर्ध्या तासात धडधड, घाम, कळ, जुलाब. किंवा दोनेक तासांनी शुगर खाली येऊन थरथर. पंगतीत आग्रह करणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कडूकिराईत
पुढच्या महिन्यांचं थोडक्यात. जीवनसत्त्वं कायमची, 'वजन उतरलं, आता बंद' असं नाही. सुरुवातीला चघळायची मल्टिव्हिटॅमिन. जेलीसारख्या गोळ्या कमी पडतात. कॅल्शियम सायट्रेट रूपातलं, दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं, ते इथे कमी. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. पाळी थांबलेल्या स्लीव्हवाल्या बाईला १८ मिग्रॅ लोह बहुधा पुरतं. पाळी चालू असेल किंवा बायपास असेल तर ४५ ते ६०. बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. डी-३ रोज ३००० युनिट, पातळी बघून बदल. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं असेल तर बी-१२ आधीपासूनच कमी असू शकतं, ते ऑपरेशनच्या आधीच तपासा.

वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेक ठिकाणी सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देतात. लिहून दिलं असेल तर मधेच सोडू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. मुळं शाबूत असतात, नवव्या ते बाराव्या महिन्यापर्यंत भरून येतात. प्रथिनं, लोह, जस्त बघा. बायोटिनचे मोठे डोस घेऊन उपयोग कमी आणि थायरॉइडचा रिपोर्ट मात्र चुकीचा येतो.

रक्त तपासणी ३, ६, १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), यकृत, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर).

रातपाळी
वजनकाटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आठ-दहा दिवस काटा हलत नाही. सुरुवातीला उतरतं त्यात साठवलेली साखर (ग्लायकोजेन) आणि त्याबरोबरचं पाणी बरंच असतं, ते शरीर परत धरतं. तेव्हा खाणं आणखी कमी करायचं नाही.

वारणाकाठ, निघताना डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा. एक गाडीत, एक फ्रिजवर. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि रात्री उचलला जाणारा नंबर. ओपीडीचा नंबर देतात बऱ्याचदा, तो पाचनंतर कुणी उचलत नाही.

वारणाकाठ
ग्लिमेपिराइडचं आत्ताच फोन करून विचारलं. ऑपरेशनच्या दिवसापासून बंद. लघवीची गोळीही थांबवणार आहेत, नुसतं टेल्मिसार्टन, तेही बीपी बघून. दोन्ही कागदावर चढवलं.