मदत हवी आहे : झाम्बियाची एलपी आणि बुरशी

मंडळी, माझा मामा सत्तरच्या दशकात झाम्बियात, किट्वेला शिक्षक होता. त्याच्या ट्रंकेत लता-मुकेशच्या रेकॉर्डींमध्ये एक वेगळीच एलपी सापडली : 'विच' बँडची 'लेझी बोन्स', १९७५ची. लावली तर गिटार अशी खरखरली की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सुई गेली का रे?" सुई ठणठणीत होती, तो फझचा, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारचा आवाज!

तेव्हापासून झामरॉकचं, म्हणजे झाम्बियाच्या सत्तरच्या दशकातल्या रॉकचं खूळ लागलंय. राष्ट्राध्यक्ष काउंडांनी रेडिओवर ९५ टक्के संगीत झाम्बियाचंच हवं असा आदेश काढला, त्यातून हे बँड फोफावले. पुढे तांब्याचे भाव पडले, देश खंगला आणि हा बाजारही बसला.

आता अडचण. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला कडेपासून दोन बोटं रुंद बुरशी आहे. डिस्टिल्ड वॉटरने पुसली तरी कुरकुर जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का? किती पातळ करून?

दुसरं, 'अमानाझ' या झामरॉक बँडच्या 'आफ्रिका' अल्बमची नवी आवृत्ती घ्यायचीय. तिचं एक मिक्स (ध्वनिमिश्रण) कोरडं, एक घुमणारं. मला ऐकून कोरडंच आवडलं, पण भाचा वेड्यात काढतो. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी सांगा. नायजेरिया, बेनिनच्या फंकमधलं काही सुचवलंत तर आणखी बरं. फेला कुटी सोडून, तो घरात आहे.