लिव्हर सिरॉसिस आणि रक्तात कुत्र्याच्या तोंडातला जंतू, चावला नसताना?

निळीछत्री:
मोठ्या दिरांना सिरॉसिस आहे (लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तो आजार), दारू कधीच सोडली पण पोटात पाणी होतं अधूनमधून. मागच्या आठवड्यात हुडहुडी भरली, बीपी एकदम खाली, थेट आयसीयू. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) आधी नो ग्रोथ म्हणाले आणि मग अचानक सांगतात कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू आलाय, घरी कुत्रा आहे का? आहे, पण चावला नाहीये हो, नुसता पाय चाटत बसतो आणि खाज सुटते म्हणून दिरांच्या पायावर ओरखडे असतातच. एवढ्यावरून होतं? आम्हीपण रोज खेळतो त्याच्याशी, आम्हाला कुठे काय झालं. सासूबाई आता कुत्रा देऊन टाका म्हणून मागे लागल्यात.

लॅबवाला:
होतं, ओरखडा पुरतो. हा जंतू धडधाकट कुत्र्यांच्या तोंडात असतोच, त्यात कुत्र्याचा दोष नाही. रक्तात शिरलेले जंतू गिळायचं मोठं काम लिव्हरमधल्या कुप्फर पेशी करतात, सिरॉसिसमध्ये बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून आडवाटेने जातं आणि जंतूंशी लढणारी प्रथिनंही कमी बनतात, म्हणून तुम्हाला काही नाही आणि त्यांना आयसीयू. आणि हा वाढतो फार सावकाश, कधीकधी कल्चरची बाटली पॉझिटिव्ह यायला आठवडा जातो, त्यामुळे कुत्रा-मांजर आहे हे कल्चर पाठवतानाच सांगायचं. स्प्लीन (प्लीहा) काढलीये का त्यांची? मग धोका अजून जास्त.

रात्रपाळी:
आयसीयूत नर्स आहे. अशा पेशंटना ताप येईलच असं नाही हं, नुसती असंबद्ध बडबड किंवा दिवसभर झोप, आणि घरचे लिव्हरमुळे रक्तात अमोनिया वाढून डोक्यावर परिणाम झाला समजून लॅक्टुलोज (तो उतरवायचं पोट साफ करणारं औषध) वाढवत बसतात. मागे इन्फेक्शन असतं बऱ्याचदा. आणि कुत्र्याचं काय घेऊन बसलात, कच्चे कालवं किंवा जखम घेऊन समुद्राच्या पाण्यात उतरणं त्याहून वाईट, त्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो! पायावर रक्ताळलेले फोड येतात आणि एक-दोन दिवसात माणूस हाताबाहेर जातो.

निळीछत्री:
बापरे, बडबड तर आदल्या रात्रीच सुरू झाली होती, आम्ही खरंच लॅक्टुलोजच दिलं. स्प्लीन आहे, सुजलीये म्हणाले. मग कुत्र्याचं?

लॅबवाला:
राहू दे की. ओरखडे झाकायचे, तिथे चाटू द्यायचं नाही, चाटलंच तर लगेच साबणाने धुवायचं. चावला तर मात्र जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतं यांना. आणि खाजेसाठी गोळ्या मिळतात, विचारा, मूळ तिथेच आहे.